परिशिष्ट क

अर्जाचा सातवा रकाना विचारतो :
'सदर जागेवर यापूर्वी सार्वजनिक निधीतून काम झाले आहे काय?'
झालंय.
बारा वर्षांपूर्वी. सेक्रेटरी तेव्हाही मीच,
सहीही माझीच.
साडेचार हजार चौरस फूट पेव्हर ब्लॉक,
लाल, करडे, मासळीच्या काट्यासारखे रचलेले.
चिखल नको होता आम्हाला.
उंटवाडीच्या या चढावर एक चिंच होती,
तिच्या बुंध्यालाही सिमेंटची कॉलर बसवली,
नारळ फोडला, पेढे वाटले
आणि पाण्याला सांगितलं, जा आता खाली.

खाली कोण राहतं
हे त्या अर्जात विचारलेलं नव्हतं.

खाली हिराबाई निरभवणेंची गिरणी.
नासर्डीला पाठ लावून दोन चक्क्या, एक मिरची कांडप.
पाणी नदीकडून येईल म्हणून
त्यांनी मागची भिंत हातभर वाढवली.
ते आलं पुढच्या दारातून,
आमच्याकडून.
भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत, सालवार.
शेजारी नातवाच्या उंचीच्या.
एका साली दोन्ही रेघांत बोटाचंही अंतर नाही.

म्हणून यंदा अनुदान ब्लॉक उचलायला.
खड्डा, खडी, विटांचे तुकडे, वर वाळा आणि कर्दळ.
तीनशेदोनचे गायधनी म्हणाले,
'खड्डे आपल्यात आणि अंगण कोरडं त्यांचं?
शिवाय माझी गाडी?'
ठराव मंजूर झाला एका मताने.
एकमताने नव्हे. एका मताने.

रकाना अकरा : 'लाभार्थी संस्थेचे सभासद असावेत.'
मी गिरणी लिहिली.
खिडकीतल्या बाईंनी लाल पेनाने गोल केला.
मी परत गिरणी लिहिली.
तिसऱ्या खेपेला त्यांनी चहा मागवला
आणि 'परिसरातील इतर' असं स्वतःच्या हाताने लिहून घेतलं.

साठ टक्के आधी.
चाळीस, 'पाणी जिरल्याचा पुरावा' दिल्यावर.

भाद्रपदात, गणपती उठले त्याच्या तिसऱ्या रात्री
ढग आमच्याच डोक्यावर फुटला.
गोदेला पूर नव्हता,
दुतोंड्या मारुतीचे तळवेही कोरडे.
मी टॉर्च घेऊन चिंचेखाली उभा.
पाणी उतारावरून धावत आलं, खड्ड्यापाशी थबकलं
परक्या गावात पत्ता विचारावा तसं,
स्वतःभोवती दोनदा फिरलं
आणि आत गेलं.
सगळं नाही.
थोडं कठड्यावरून रस्त्याला लागलंच. खोटं लिहिणार नाही.

सकाळी फोटो काढले : ओली माती, आडवी कर्दळ,
कोपऱ्यात माझी चप्पल.
दहा दिवसांनी अर्ज परत.
'त्रुटी : छायाचित्रात पाणी दिसत नाही.'
मी हसलो. मोठ्याने हसलो.
मग चाळीस टक्क्यांचा हिशेब आठवला.

गिरणीत गेलो.
पेन्सिल सुतळीला टांगलेली, यंदाची रेघ नाही.
'नसलेल्या रेघेचा फोटो कसा काढायचा हो?'
हिराबाई काही बोलल्या नाहीत, वही पुढे सरकवली.
त्याच रात्रीचं पान :
पावणेदहा. ज्वारी सात किलो.
दहा वाजून पाच. नागली तीन, बारीक.
साडेदहा. हरभरा डाळ दोन, पैसे उद्या.
'मोटर चालू होती,' त्या म्हणाल्या.
मी म्हटलं, लाभ झाला म्हणून इथे सही द्या.
त्यांनी हात पदराला पुसले.
'आणि आधीच्या तीन मोटरा जळाल्या त्या?
त्याला रकाना आहे का?'

नाही.
अर्ज उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.
तिथे मी आकडा लिहिला, तीन,
खाली माझं नाव, बारा वर्षांपूर्वीचं साल,
आणि सही केली.

झेरॉक्सवाल्याने दोनदा काच पुसली,
म्हणाला, काका, पान झटकून द्या.

परिशिष्ट क. दळणाची नोंद, एक पान.
पिठाचे डाग मूळ प्रतीवर आहेत.